एक गच्ची, दोन ताटं: मे २०२३ ते फेब्रुवारी २०२४ च्या नोंदी

एकाच घरात दोन वेगळ्या रीतींची ताटं वाढली जातात, आणि दोन्हींसाठी गच्चीवर भाजी लावली, त्याच्या या नोंदी. आधी दोन शब्दांचा अर्थ. ‘जैन ताट’ म्हणजे या घरात कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळं, सुरण, ओलं आलं, ओली हळद आणि वांगं बंद. सुंठ आणि हळदपूड चालते. रात्र उलटलेलं शिजवलेलं किंवा वाटलेलं अन्न चालत नाही. जेवण सूर्यास्ताच्या आत. चातुर्मासात पालेभाजी नाही. ‘मालवणी ताट’ म्हणजे सगळं चालतं आणि आठवड्यातून एकदोनदा मासे लागतात. प्रत्येक जैन घराची यादी थोडी वेगळी असते, त्यामुळे ही यादी उतरवून घेऊ नका. आपली यादी आधी कागदावर लिहा आणि मग बी आणायला जा. इथे बी आधी आलं, यादी नंतर झाली. त्याचा भुर्दंड पुढच्या नोंदींत आहे.

१३ मे २०२३, शनिवार: पिशव्या, वजन, माती

ठिकाण पुणे, दुमजली घराची गच्ची. ऊन सकाळी आठ ते दुपारी चार.

एचडीपीईच्या (जाड प्लॅस्टिकच्या) १५ × १५ इंची ग्रो बॅग, १४ नग. काठोकाठ भरली तर ४३ लिटर, वरचे तीन इंच सोडले की ३५ लिटर मिश्रण बसतं. एका पिशवीचं प्रमाण: लाल माती १४ लिटर, शेणखत ११ लिटर, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १० लिटर, निंबोळी पेंड २०० ग्रॅम. मापाला रंगाची २० लिटरची बादली, आतून लिटरच्या खुणा करून.

पाणी घातल्यावर एक पिशवी ४० किलोच्या आसपास भरते. माणसांची ये-जा धरून बांधलेल्या गच्चीचा भार साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो धरलेला असतो. पिशव्या चिकटवून ठेवल्या तर त्यांच्याखाली तो पावणेतीनशेवर जातो. म्हणून दोन पिशव्यांमध्ये एका पिशवीइतकी जागा सोडली, रांग कठड्याच्या कडेने, खाली तुळई आहे तिथे लावली. मधल्या स्लॅबवर काही नाही. प्रत्येक पिशवीखाली दोन विटा, म्हणजे भोकातून येणारं पाणी खाली साचत नाही आणि वॉटरप्रूफिंग डोळ्यांसमोर राहतं.

कोकोपीटच्या ५ किलोच्या दोन विटा. पहिल्या पाण्याला चहासारखा रंग आला, दुसऱ्यालाही आला. तिसऱ्यांदा धुतलं तेव्हा पाणी बऱ्यापैकी स्वच्छ निघालं. यातले क्षार धुतले नाहीत तर रोपांच्या पानांच्या कडा जळतात. अर्धा दिवस गेला, पण ही पायरी गाळू नका.

खर्च: पिशव्या १,५४० रुपये, कोकोपीट ४४०, शेणखत पाच पोती ६५०, माती आठ पोती ६४०, निंबोळी पेंड तीन किलो १५०. एकूण ३,४२० रुपये.

वाया गेलेले ५६० रुपये वेगळे. घाईत तयार पॉटिंग मिक्सच्या दोन पिशव्या उचलल्या. घरी येऊन मागचा बारीक मजकूर वाचला तर घटकांत बोनमील. हाडांच्या चुऱ्यात वाढलेली भेंडी जैन ताटाला चालणार नाही, हे घरात आधी कुणी बोललंच नव्हतं. दुकानाने परत घेतलं नाही. ते मिश्रण जास्वंद आणि मोगऱ्याच्या कुंड्यांत गेलं. ‘सेंद्रिय’ असं छापलेलं असलं म्हणजे शाकाहारी असतंच असं नाही. बोनमील (हाडांचा चुरा), ब्लडमील (वाळवलेलं रक्त), फिश अमिनो (माशांपासूनचं द्रावण) हे तीन शब्द पाकिटावर शोधायचे. गांडूळखतही बाद झालं, गांडुळं कोंडून ठेवणं पटलं नाही म्हणून. बोनमीलऐवजी रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची पूड) घ्यावं असं वाटलं होतं, पण ते आम्लधर्मी मातीतच नीट विरघळतं आणि आपल्याकडची माती आणि बोअरचं पाणी दोन्ही दुसऱ्या टोकाचं. नाही घेतलं. चांगल्या शेणखतावर पुढे अडलं नाही.

वाटणी: ११ पिशव्या सामाईक (भेंडी ४, दुधी २, दोडका १, मिरची १, पालेभाज्या ३). उरलेल्या तीन मालवणी ताटाच्या: कांदापात-लसूणपात, आलं, हळद. कंद म्हणून आलं आणि हळद बिनदिक्कत त्या बाजूला ढकलली. ही वाटणी चुकीची होती. शेवटची नोंद बघा.

२० मे: शेणखत

पाचपैकी दोन पोती कच्ची निघाली. ओळखण्याची रीत: मूठभर खत ओलसर करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचं, सावलीत तीन दिवस ठेवायचं. उघडल्यावर नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर कच्चं. पावसाळी मातीसारखा वास आला तर मुरलेलं. कच्चं खत भरलं तर कोवळी मुळं जळतात. ही दोन पोती कोपऱ्यात सावलीत पसरून, ओलावून, दर चार दिवसांनी उलथून २१ दिवस ठेवली.

सगळं खत अर्ध्या इंचाच्या चाळणीतून काढलं. त्यात पांढऱ्या, सी आकाराच्या अळ्या निघाल्या, तीसेक. सगळ्या हुमणीच्याच असतात असं नाही, काही फक्त कुजलेलं शेणच खातात, पण पिशवीत कोणती आहे हे मुळं खाल्ल्यावरच कळतं. मारायच्या नव्हत्या. चाळणीवर उरलेल्या चोथ्यासकट त्या बाहेरच्या झाडाखाली नेऊन ठेवल्या. चाळण्यात तीन तास गेले आणि पाठ धरली.

२१ मे, रविवार: मिक्सरचं भांडं

स्वयंपाकातली पहिली फसगत. एकच मिक्सर, एकच भांडं. आदल्या दिवशी मालवणी वाटण, आज त्याच भांड्यात जैन आमटीचं खोबरं-जिरं. भांडं दोनदा साबणाने घासलं होतं, तरी आमटीला लसणाचा वास. स्टीलचं भांडं दोषी नव्हतं. झाकणाची रबरी रिंग काढून हुंगली तेव्हा कळलं. रबर आणि प्लॅस्टिक वास धरून ठेवतात, मीठ, लिंबू, बेकिंग सोडा, ऊन, सगळं करून पाहिलं, वास कमी झाला पण गेला नाही.

उपाय: जैन ताटासाठी त्याच मिक्सरचं दुसरं लहान भांडं झाकणासकट, ६५० रुपये. झाकणावर लाल रंगाचा ठिपका. कुकरचीही तीच गत, तिथे फक्त रिंग वेगळी घेऊन भागतं. लाकडी उलथनं, पोळपाट, मसाल्याचा डबा यांची वाटणी करा. स्टीलचे डाव आणि पातेली सामाईक ठेवायला हरकत नाही, असं या घरात ठरलं. माशाचा तवा वेगळा, ३५० रुपये, आणि तो गॅलरीतल्या इंडक्शनवरच.

२७ मे: पेरणी

भेंडी ‘परभणी क्रांती’, पिशवीत दोन रोपं. ही जात केवडा रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही म्हणून घेतली. या रोगात पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि मग फळंही पिवळट, राठ होतात. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं. दुधी राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘सम्राट’, पिशवीत एकच वेल. आलं-हळदीचे डोळे असलेले तुकडे दोन इंच खोल, डोळा वर. बियाण्याचा एकूण खर्च ३१० रुपये.

मांडव: बांबू आणि जीआय तार, ९०० रुपये. तो पेरणीच्या दिवशीच बांधा. नंतर खांब रोवताना मुळं तुटतात.

११ जून

तीन पिशव्यांत पालक, लाल माठ, मेथी. दोन्ही ताटांना चालणाऱ्या गोष्टी म्हणून मोठ्या उत्साहाने. कॅलेंडर पाहिलं नाही.

२५ जून, रविवार

यंदा पाऊस लांबला, आज खरा सुरू झाला. दोन पिशव्यांत वर पाणी साचलं. कारण तळाची भोकं मातीने बुजलेली. सळईने बाजूला, तळापासून एक इंच वर, चार भोकं पाडली. तळाची भोकं विटेवर टेकून बंद होतात, बाजूची होत नाहीत. सगळ्याच पिशव्यांना पाडली.

भाजीच्या सालांच्या खताचा डबा बंद ठेवला. उन्हाळ्यात सालं दोन दिवस गच्चीवर कडकडीत वाळवून डब्यात टाकत होतो, त्यामुळे अळ्या होत नव्हत्या. खत सावकाश होतं पण जैन ताटाची हरकत राहत नाही. पावसात वाळवण होत नाही. चार महिने सालं महापालिकेच्या ओल्या कचऱ्यात. त्यात कमीपणा मानू नका.

९ जुलै: पालेभाजीचं गणित चुकलं

मेथी-पालक काढणीला आले आणि चातुर्मास २ जुलैलाच लागला होता. यंदा अधिक श्रावण, म्हणजे चातुर्मास चारचा पाच महिन्यांचा, थेट कार्तिक पौर्णिमेपर्यंत, २७ नोव्हेंबर. तीन पिशव्या पाला, खाणारं ताट एक.

कोथिंबीर आणि कढीपत्ताही पाल्यातच मोजले जातात. म्हणजे फोडणीतच घोळ. दोन बदल केले. कढीपत्ता चातुर्मासाआधी वाळवून ठेवलेला या घरात चालतो, पण तो ठेवलाच नव्हता, त्यामुळे यंदा फोडणी हिंग, जिरं, मोहरी, मेथीदाणा यांवर. कोथिंबीर पातेल्यात कधीच टाकायची नाही, मालवणी ताटात वरून भुरभुरायची. ही सवय पुढे बारमाही ठेवली, कारण सामाईक पातेलं त्यामुळे सामाईक राहतं.

तीन पिशव्यांतला एक फड मालवणी ताटाने संपवला, एक शेजारी गेला, एक फुलावर आला. १५ जुलैला तिन्हीत चवळी आणि घेवडा टोकला. शेंगा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाल्या. चातुर्मासात गच्चीवर फळभाजी आणि शेंगाच हव्यात, हे मे महिन्यातच समजायला हवं होतं.

२२ जुलै: दुधी धरत नाही

पहिले दहाबारा दिवस फक्त नर फुलं, त्यात काळजीचं काही नाही. मग मादी फुलं आली (देठाशी बोटाएवढी केसाळ दुधी असते ती मादी) आणि एकामागून एक पिवळी पडून गळली. सहा गेली. रोज सकाळी नऊला नर फूल तोडून मादीवर घासत होतो. भोपळा, काकडी, कारलं यांचं असंच करतात म्हणून दुधीचंही केलं.

चूक वेळेची. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळपर्यंत मिटायला लागतं. त्याचं परागीकरण रात्री उडणारे पतंग करतात. सकाळी नऊला जे घासत होतो ते शिळं फूल. दोडकाही संध्याकाळी उमलतो. घोसाळं मात्र सकाळी.

२९ जुलै

आता संध्याकाळी साडेसहा ते साडेसात. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मधला दांडा मादीच्या तीन फाकांवर हलक्या हाताने फिरवायचा. एका मादीला दोन नर. पाऊस असेल तर फुलावर कागदी द्रोण उलटा बसवायचा, पराग ओला झाला की कामातून गेला. चारपैकी तीन धरली. फुलाची वेळ जैन जेवणानंतरची पडते, त्यामुळे हे काम त्या ताटाकडे गेलं.

फळ धरल्यावर तिसऱ्या दिवशी त्यावर जुन्या ओढणीची सैल पिशवी, तोंड दोऱ्याने बांधून. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते आणि नंतर फळ वाकडं होऊन सडतं. बाजारातले गंधसापळे माशा मारतात म्हणून नको होते. पिशवी पाण्याने भिजते आणि जड होते, म्हणून कापड पातळ घ्या. जाड सुती पिशवीत एक दुधी सडली.

६ ऑगस्ट, रविवार: माशांचा कचरा

जून-जुलैची मासेमारी बंदी उठली, ताजे मासे आले, आणि त्याबरोबर डोकी, कल्ले, काटे. माशाच्या कचऱ्याचं खत चांगलं होतं, पण ते सामाईक पिशव्यांत जाणार नाही. जाईल फक्त मालवणी ताटाच्या तीन पिशव्यांत आणि फुलझाडांत. पिशव्यांना लाल दोरी बांधली, म्हणजे पाणी घालणाऱ्यालाही चुकायला नको. मासे धुतलेलं पाणीही तिकडेच.

पहिला प्रयोग बिघडला. २० लिटरच्या डब्यात ३०० ग्रॅम कचरा, वर इंचभर कोकोपीट. पाचव्या दिवशी अळ्या आणि असा वास की खालच्या मजल्यावरून विचारणा आली. कोरडा माल कमी पडला होता आणि झाकणातून पाऊस आत गेला होता. दुसरा प्रयोग: जास्वंदाच्या मोठ्या कुंडीत चार इंचांवर पुरलं. रात्री मांजराने उकरलं, मुळं उघडी पडली.

तिसरा टिकला. कचरा ताजा ताजा, त्याच दिवशी पुरायचा, एका वेळी १०० ग्रॅमच्या वर नाही, किमान दहा इंच खोल, वर दोन मुठी कोरडं कोकोपीट, मग माती, मग एक फरशीचा तुकडा. खोडापासून एक वीत लांब. त्याच जागी पुन्हा दोन महिने पुरायचं नाही. लाल दोरीच्या पिशव्यांत एकेका कोपऱ्यात एवढंच बसतं.

२० ऑगस्ट: मावा, मुंग्या, जाळी

चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा. जास्वंदावरही, आणि तिथे जास्तच, कारण माशाच्या खताने नुसती कोवळी लुसलुशीत वाढ झाली होती. नत्र जास्त झालं की मावा हमखास.

नीम तेलाबद्दल घरात वाद झाला. ते फक्त किडीला पळवून लावतं अशी समजूत होती. पण नीम तेल पाण्यात मिसळायला साबण किंवा रिठा घालावा लागतो, आणि साबणाचं पाणीच माव्यासारख्या मऊ किडीला मारतं. नीममधला घटक किडीची वाढही थांबवतो. म्हणजे ‘अहिंसक फवारणी’ हे शब्द खरे नाहीत. ठरलं असं: सामाईक पिशव्यांवर नीम नाही. लाल दोरीच्या आणि फुलझाडांवर लिटरला ५ मिली. पिवळे चिकट सापळे कुठेच नाहीत.

सामाईक बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून, एक दिवसाआड सकाळी, तीन वेळा. मावा खाली पडतो, पण मुंग्या तो पुन्हा वर आणतात, त्याचा गोड स्राव त्यांना हवा असतो. म्हणून विटा पाण्याच्या ताटल्यांत ठेवल्या. ताटल्यांतलं पाणी रोज ओतून बदलायचं, नाहीतर डास. फार लडबडलेले शेंडे खुडून लांब नेऊन टाकले. साठ टक्के पीक वाचलं असेल.

भेंडीवरच्या पांढऱ्या माशीसाठी आधी घरातली जुनी मच्छरदाणी लावली होती. उपयोग शून्य, माशी तिच्या भोकातून आरामात जाते. ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) नायलॉन जाळी लागते, ७८० रुपये. भेंडी आपलं आपण फळ धरते, त्यामुळे जाळीत अडत नाही. दुधीवर अशी जाळी टाकू नका.

१० सप्टेंबर: कांद्याऐवजी काय

तीन महिन्यांच्या प्रयोगांचा हिशोब. रश्शाला दाटपणा, गोडवा आणि भाजका वास या तीन गोष्टी कांदा देतो. एका पदार्थात तिन्ही शोधणं हीच चूक होती.

किसलेला कोबी परतून पाहिला. मंद आचेवर तो पाणी सोडून शिजतो आणि उग्र वास मारतो. जाड तव्यावर, मोठ्या आचेवर, १५० ग्रॅमला दोन चमचे तेल, दहाबारा मिनिटं, थरात पातळ पसरून भाजला तर चालतो. सरस ठरली गच्चीवरचीच दुधी: किसून, पिळून, तुपावर परतून दाटपणाला, वास यायला सुकं खोबरं आणि तीळ चांगले तांबूस भाजून, गोडव्याला टोमॅटो आणि खडाभर गूळ. हिंग पाव चमचा, गरम तेलात, मोहरी तडतडल्यावर. अर्धा चमचा घातला तेव्हा आमटी कडू झाली. ओल्या आल्याच्या इंचभर तुकड्याऐवजी पाव चमचा सुंठ, तीही फोडणीत नको, करपते, पाणी घातल्यावर.

ताकाची कढी वेगळंच कोडं. जैन ताटाला कच्चं ताक आणि डाळीचं पीठ एकत्र चालत नाही, ताक आधी उकळायला हवं. पण बेसनाशिवाय ताक उकळलं की फाटतं; कढीत बेसन त्यासाठीच तर असतं. दोन वेळा फाटली. तोड: अर्धा लिटर ताकाला दीड मोठा चमचा तांदळाचं पीठ गार असतानाच घोटून, मंद आचेवर, उकळी येईपर्यंत डाव थांबवायचा नाही. बेसन हवंच असेल तर उकळीनंतर, पाण्यात कालवून. नंतर बेसन घालणं बंदच केलं. मालवणी ताटाच्या वाटीवर शेवटी ठेचलेल्या लसणाची फोडणी वेगळ्या पळीतून.

२८ सप्टेंबर

दशलक्षणाचे (दिगंबर जैनांच्या पर्युषण पर्वाचे) दहा दिवस आज संपले. जैन ताटाला हिरवी भाजी नव्हती, आणि भेंडी काही थांबत नाही. दोन दिवस तोडणी चुकली की राठ होते, आणि झाड नवी कळी धरायचं कमी करतं. खायची नसली तरी तोडायची. दीड किलो शेजाऱ्यांना.

२९ ऑक्टोबर, रविवार: तिरफळाचं वाटण

ही नोंद बाकी सगळ्यांपेक्षा उपयोगाची आहे. इतके महिने मालवणी रस्सा ‘जैन’ करायचा खटाटोप चालला होता. पण बांगड्याची तिरफळ (कोकणातलं मसाल्याचं वाळकं फळ) घातलेली आमटी बऱ्याचदा मुळातच बिनकांद्याची, बिनलसणाची असते. तिरफळ आलं की कांदा-लसूण कोकणात बरेच जण घालत नाहीत. वाटण एकच, शेवटी दोन पातेली.

दोन ताटांचं वाटण: ओलं खोबरं १२० ग्रॅम, ब्याडगी मिरच्या ६ (बिया काढून, गरम पाण्यात २० मिनिटं), धने दोन चमचे कोरडे भाजून, हळदपूड पाव चमचा, पाणी १५० मिली. लाल ठिपक्याच्या भांड्यात गंधासारखं मुलायम वाटायचं. भरड राहिलं तर रस्सा पाणी वेगळं सोडतो.

वाटण निम्मं निम्मं. मालवणी पातेल्यात वाटण, पाणी, मीठ, तीन आमसुलं. उकळी आली की दोन बांगड्यांचे तुकडे, सहासात मिनिटं, डाव न घालता, पातेलं फडक्याने धरून हलवायचं.

जैन पातेल्यात कच्ची केळी. पहिल्यांदा तेही तसंच केलं: वाटण, आमसुलं, केळ्याचे काप, सगळं एकदम. पंचवीस मिनिटं शिजवून केळं टणक. आमसुलाच्या आंबटपणात केळं मऊ पडत नाही. आज उलटा क्रम लावला: केळी सालासकट कुकरच्या डब्यात, शिट्टी न लावता, आठ मिनिटं वाफवून, सोलून, जाड काप. ते वाटणात पाच मिनिटं, आमसूल सगळ्यात शेवटी. सोललेले काप उघडे ठेवले तर काळे पडतात, पातळ ताकात टाकून ठेवा.

तिरफळं प्रत्येक पातेल्यात सहासात. काळी बी काढून टाकायची, ती कडवट आणि कचकच लागते. नुसतं टरफल खलबत्त्यात एकदा चेचून, शेवटच्या पाच मिनिटांत. मिक्सरला लावू नका, सगळ्या रश्शाला जीभ बधिर करणारा कडूपणा येतो. एकदा अनुभव घेतला, अख्खं पातेलं गेलं. नारळाचा रस्सा खळखळ उकळायचा नाही, फुटतो.

वेळ वाचवायला वाटण बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवलं होतं. मालवणी ताटाला उत्तम, जैन ताटाला शिळं. म्हणून आता फक्त भाजलेले धने आणि ब्याडगीची कोरडी पूड बरणीत, खोबरं रोज ताजं. वेळ १२ मिनिटांनी वाढतो.

४ नोव्हेंबर

या वेळी कॅलेंडर उलटं मोजलं. चातुर्मास २७ नोव्हेंबरला संपतो, मेथीला २५ ते ३० दिवस लागतात. आज मेथी आणि पालक. कोथिंबिरीचे धने रगडून दोन फाकी करून, रात्रभर भिजवून. जुन्या मातीत प्रत्येक पिशवीला शेणखत दोन लिटर आणि पेंड ५० ग्रॅम.

३ डिसेंबर: सूर्यास्त

मेथीची पहिली जुडी, ताटं दोन्ही खूश. पण जूनमध्ये सव्वासातला होणारा सूर्यास्त आता सहाच्या आत. स्वयंपाक पावणेसहाला तयार हवा आणि नोकरीचे दिवस तसे नाहीत. आठवडाभर ओढाताण झाली. तोडगा: दुपारी दोन्ही ताटांचं मुख्य जेवण, संध्याकाळी जैन ताटाला पाचला भाकरी आणि दुपारचीच भाजी (त्याच दिवशीची, म्हणून चालते). मालवणी ताटाचा मासा रात्री आठला, गॅलरीत. दोघांनी एकत्र बसायचं जेवण सकाळी ठेवलं.

२१ जानेवारी २०२४: खणणी

हळदीची पानं वाळून आडवी झाली. पाणी दहा दिवस आधी तोडलं होतं. पिशवी फाडायची नाही, आडवी करून माती सैल करायची. हळद १.४ किलो, आलं ९०० ग्रॅम.

मोसमाची बेरीज: भेंडी ५.९ किलो, दुधी नऊ नग, चवळी-घेवडा २.१ किलो, पालेभाजी दोन्ही फड मिळून साडेतीन किलो, दोडके फक्त चार (वेलाला दुपारी सावली आली). एकूण खर्च ६,९७० रुपये, त्यातले ५६० पाण्यात आणि १,००० स्वयंपाकघरातल्या भांडी-तव्याचे. भाजी विकत घेणं अजून स्वस्तच आहे.

११ फेब्रुवारी, रविवार: हळद

बोटं ५० मिनिटं उकळली, काडी सहज आरपार जाईपर्यंत. मग गच्चीवर १४ दिवस ऊन, रात्री आत. मोडताना कट्ट असा आवाज आला की झाली. घासून साल काढली, चक्कीवर दळली. १.४ किलोचे २९० ग्रॅम उरले. रंग बाजारच्या पुडीपेक्षा गडद.

बरणी भरताना लाल दोरी आठवली. हळदपूड जैन ताटाला चालते, घरचीच असावी असा आग्रहही तिकडचाच. पण ही पिशवी माशाच्या खतावर वाढलेली. २९० ग्रॅम हळद मालवणी डब्यात गेली, एका ताटाला दीड-दोन वर्षं पुरेल. आलंही वाळवलं असतं तर सुंठ झाली असती, त्यालाही तीच अडचण.

मे २०२४ साठी फळ्यावर लिहिलेलं: हळद आणि आलं सामाईक रांगेत, नवी माती, फक्त शेणखत. लाल दोरीच्या रिकाम्या दोन पिशव्यांत वांगं आणि मुळा. कढीपत्ता जूनच्या पहिल्या आठवड्यात वाळवणे.